मेळघाटात शिकारीला जायची तयारी: बंदूक घरी ठेवा, बाकी सगळी तयारी करा

प्रश्न असा आहे की चार मित्र मिळून सातपुड्यात, मेळघाटच्या बाजूनं, दोन-तीन दिवस डोंगरात राहून शिकार करायची आहे, मामाकडे लायसन्सची बंदूक आहे, तर सामान काय घ्यायचं आणि कोणत्या महिन्यात जायचं. मी परतवाड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून असलेल्या गावातला आहे, घरी संत्र्याचा बगिचा आहे आणि जंगलात जाणं-येणं लहानपणापासूनचं, म्हणून उत्तर लिहितो. लांब होईल पण पूर्ण वाचा.

पहिले बंदुकीचं बोलून घेऊ. शिकार आपल्याकडे बंद आहे भाऊ, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हापासून. खूप पोरांना वाटतं की वाघ-बिबट मारला तरच जेल होते, ससा-तितर-घोरपडीचं कोण विचारते, तर तसं नाही, हे सगळे कायद्याच्या यादीत आहेत आणि घोरपड तर वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे. त्या अनुसूचीतलं जनावर मारलं किंवा अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, वर दंड, आणि गाडी-बंदूक जप्त होते ती वेगळी. गोळी झाडलीच पाहिजे असंही नाही, फासा लावला, जनावर हाकलं, आमिष टाकलं, नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच धरतात. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच कलम ३१ खाली गुन्हा आहे. आणि मामाचं लायसन्स बहुतेक पीक संरक्षणाचं असेल, ते मामाच्या नावावर आहे, तुमच्या हातात डोंगरात ती बंदूक सापडली तर तुम्ही तर अडकालच, मामाचंही लायसन्स जाईल, म्हातारपणी त्यांना कशाला ठाण्याच्या चकरा मारायला लावता.

घरच्या शेतात रानडुकरं आणि रोही (नीलगाय) तूर-हरभरा ठेवत नसतील तर ती गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी वनविभागाकडे अर्ज, पंचनामा, नुकसानभरपाई अशी वाट आहे, मारायची परवानगी द्यायची की नाही हेही तेच ठरवतात. त्याचा मित्रांच्या ट्रिपशी काही संबंध नाही.

आता खरं उत्तर, कारण तुमची डोंगरात जायची हौस मला समजते आणि ती मारून टाकायची माझी अजिबात इच्छा नाही. आमच्या गावात एक कोरकू आदिवासी बाबा होते, कायदा यायच्या आधी तरुणपणी ते शिकारीच्या हाक्याला, म्हणजे जनावर हाकून बंदूकवाल्यापुढं आणायला, जायचे. बंदूक त्यांनी कधी धरली नाही, पण जनावर कोणत्या नाल्यानं उतरेल, कुठं थांबून कान टवकारेल, पाण्यावर येईल की वरूनच परत जाईल हे त्यांना बरोबर समजायचं. त्यांच्याकडून जे शिकलो ते एवढंच की शिकाऱ्याची तयारी म्हणजे वारा, पाणी, पाय आणि गप्प बसणं, चाप ओढणं हे तर शेवटचं एका सेकंदाचं काम. ते एक सेकंद सोडून द्या आणि बाकीची सगळी तयारी शिकाऱ्यासारखीच करा, वीस पावलांवर सांबर पाणी पिताना पाहाल आणि ते आपल्या पायानं परत जाईल, यापेक्षा जास्त काय पाहिजे माणसाला.

कधी जायचं ते पाहा. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ पासूनचा, त्यामुळं गाभा क्षेत्रात आपल्या मनानं तंबू ठोकून पायी फिरता येत नाही, प्रवेश परवानगीनंच आणि सोबत गाईड. पायी डोंगर चढायचेच असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अकोटकडून शहानूरवरून नरनाळा किंवा चिखलदऱ्याकडून गाविलगड, तिथंही परवानगी आणि प्रवेशाच्या वेळा आधी विचारून, गावातला माणूस सोबत घेऊन. थंडीत पहाटे चिखलदऱ्याला पारा एक आकडी होतो, तेव्हा ब्लँकेटवर निभत नाही, स्वेटर-कानटोपी लागतेच. आणि जनावर पाहायचं असेल तर मे महिना, त्यातही बुद्धपौर्णिमेची रात्र. त्या रात्री वनविभाग पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर लोकांना बसवते, निसर्गानुभव म्हणतात त्याला, बुकिंग आधी करावं लागते आणि पटकन भरते म्हणून एप्रिलपासूनच लक्ष ठेवा. पहिले याच रात्री पाणवठ्यावर जनावरं मोजायचे, आता वाघांची मोजणी कॅमेरा ट्रॅपनं, म्हणजे जनावर पुढून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यानं होते, तरी बसायचा आनंद तोच आहे. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं, एक रात्र मचाण आणि त्याला जोडून एक दिवस सेमाडोह-कोलकासकडे, आणि पुढचं सगळं मी हे धरूनच सांगतो.

शरीराची तयारी महिना-दीड महिना आधी सुरू करा. आपल्याकडे सपाट मुलूख, कापसाच्या वावरात दिवसभर चालणारा माणूससुद्धा डोंगरात दमते कारण चढायची सवय नसते. गावाजवळ धरण असेल तर त्याची भिंत, नाहीतर शाळेचा जिना, पाठीवर सात-आठ किलो ज्वारीची पिशवी घेऊन रोज अर्धा तास चढ-उतार करा. उतरणं विसरू नका, चढताना दम लागते पण गुडघे आणि मांड्या उतरतानाच बोलतात, दुसऱ्या दिवशी ज्याला जिना उतरता येत नाही त्यानं उताराची प्रॅक्टिस केलेली नसते. नवीन बूट घालून सरळ डोंगरात जायचं नाही, आधी पंधरा दिवस ते घालून शेतात फिरा. बाजारात ते हिरवे कापडी हंटर बूट मिळतात ना, घोट्याच्या वरपर्यंतचे, ते स्वस्त आहेत आणि आपल्या जंगलाला चांगले आहेत, फक्त एक नंबर मोठा घ्या आणि आत दोन मोजे घाला, कारण उतरताना पाय पुढं सरकते आणि अंगठ्याचं नख बुटाला ठोकत राहते. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा, आदल्या रात्री नको, कापताना जखम झाली तर भरून यायला वेळ पाहिजे.

पाणी. याच्यावर मी जास्त लिहिणार कारण मे महिन्यात लोक इथंच फसतात. खाली अमरावती-अकोल्यात पारा ४५ ला टेकते, वर चिखलदऱ्याला सहासात अंश कमी असते पण सेमाडोह, हरिसाल हे खोऱ्यात आहेत, तिथं दुपारी दगड तापून वारासुद्धा गरम लागते. माणशी दिवसाला पाच-सहा लिटर धरा, म्हणजे पाच-सहा किलो वजन झालं, म्हणून बाकी सामान कमी करा पण पाणी कमी करू नका. नाल्यात पाणी दिसलं तरी मे महिन्यात ते थांबलेलं असते, जनावरं त्यातच लोळतात, ते प्यायचं नाही, आणि तसंही उन्हाळ्यात ते पाणी त्यांच्यासाठी असते, आपण तिथं हातपाय धुवायला उतरायचं नाही. ओआरएसची पाकिटं ठेवा, मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायचं, अर्ध्या ग्लासात घट्ट करून प्यायचं नाही, त्यानं उलट त्रास होते. पाकीट नसेल तर एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा चमचा मीठ. डोक्याला दुपट्टा बांधूनच निघा. सोबतचा माणूस एकदम चिडचिड करायला लागला, उलटसुलट बोलायला लागला, चालताना तोल जायला लागला की ते ऊन लागलं आहे असं समजा, "थोडा वेळ बसला की बरा होईल" करत बसू नका, लगेच सावलीत घ्या, अंगावरचे कपडे ओले करा, पुठ्ठ्यानं वारा घाला, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, आणि गाडी काढा. धारणी आणि अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ ला फोन लागला तर लावा पण रेंज बहुतेक ठिकाणी नसतेच, म्हणून तुमची गाडी आणि टाकीतलं पेट्रोल हीच अॅम्ब्युलन्स. परतवाड्यातच टाकी फुल करून घाट चढा.

आता वारा. ही गोष्ट पुस्तकापेक्षा पाहून लवकर समजते. दिवसा डोंगराचा उतार तापला की हवा खालून वर चढते, सूर्य बुडाला की उतार थंड होते आणि तीच हवा नाल्यानाल्यानं खाली उतरते. पाणवठा म्हणजे नाल्यातला डोह. संध्याकाळी तुम्ही डोहाच्या वरच्या अंगाला बसलात तर तुमचा सगळा वास सरळ पाण्यावर जाईल आणि रात्रभर एक जनावर येणार नाही, खालच्या अंगाला बसलात तर वास तुमच्या मागं निघून जाते. बाबा चिमूटभर राख बोटांतून सोडायचे, ती कुठं जाते ते शांतपणे पाहायचे, दहा-पंधरा मिनिटांनी परत सोडायचे, वारा फिरला असेल तर जागा बदलायचे. मचाण वनविभागानं आधीच बांधलेलं असते, जागा तुमच्या हातात नसते, पण वास तुमच्या हातात आहे. त्या दिवशी वासाचा साबण नको, डोक्याला तेल नको, सेंट तर गाडीतसुद्धा नको, गुटखा-बिडी-दारू नियमानंही बंद आहे आणि जनावराच्या नाकाला तर ती अर्ध्या किलोमीटरवरून कळते. कपडे मातकट किंवा पाल्याच्या रंगाचे, धुवून उन्हात वाळवलेले. पांढरा शर्ट पौर्णिमेच्या चांदण्यात ट्यूबलाइटसारखा चमकते.

गप्प बसायची प्रॅक्टिस कोणीच करत नाही आणि खरी गोची तीच आहे. दुपारी तीन-चारला मचाणावर चढलात तर सकाळी उजेड झाल्यावरच खाली, मध्ये उतरायचं नाही म्हणजे नाही, त्यामुळं पोट साफ करून चढा आणि लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली ठेवा, लाजायचं काही कारण नाही. घरी आधी चार-पाच संध्याकाळी कडुनिंबाखाली दोन-दोन तास मोबाइलशिवाय बसून पाहा. मच्छर बसला तर हळूच हात फिरवा, फटका मारायचा नाही. खोकला येणारा माणूस असेल तर खडीसाखर, ज्येष्ठमध खिशात, आणि आमचा गाईड सांगते तसं, "खोकला आलाच तं दुपट्टा तोंडात घाला, पण बोलू नोका." खाण्याचं सामान कुरकुऱ्याच्या पाकिटात नको, प्लास्टिकचा एक चरचर आवाज आणि चितळ पळालं. पोळ्या, कोरडं बेसन, गूळ-शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, सगळं सुती कापडात बांधून न्या, वास कमी असलेलंच न्या, मांस-मच्छी बिलकुल नको. बॅगला वेल्क्रो असेल तर ती बॅगच बदला.

दुर्बीण घ्यायची असेल तर तिच्यावर दोन आकडे असतात, ७×५० किंवा १०×२५ असे. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. ७×५० ला सात येते, चांदण्यात तिच्यातून चांगलं दिसते, १०×२५ ला अडीच येते, ती दिवसा ठीक पण रात्री तिच्यातून अंधारच दिसेल. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा आणि तोही फक्त मचाणावर आपलं सामान शोधायला, पाण्यावर मारायचा नाही. अंधारात डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, एकदा मोबाइलची स्क्रीन पाहिली की पहिल्यापासून सुरू.

मग तुम्हाला काय दिसते ते सांगतो. ऊन उतरायच्या आधी वानरं आणि मोर येऊन जातात. चितळं सरळ पाण्यावर येत नाहीत, झाडीच्या काठाला थांबतात, एक मादी पुढं येते, मान वर करून पाहते, पुढचा पाय जमिनीवर आपटते, परत मागं जाते, असं बराच वेळ चालते आणि तुम्हाला वाटते आता गेली, तेवढ्यात ती पाण्याला तोंड लावते, दोन-तीन घोट घेते की लगेच मुंडी वर, पाणी ओठावरून गळत असते आणि कान दोन वेगळ्या दिशेला फिरत असतात. ती पिताना पाहिली की मग बाकीचा कळप उतरते. सांबर अंधार पडल्यावर, रानगवे रात्री केव्हाही, पहिले पालापाचोळ्याचा आवाज येते आणि मग काळा डोंगर सरकल्यासारखं दिसते. कान उघडे ठेवा, वानर वरच्या फांदीवरून खाकरायला लागलं, चितळानं टाँव टाँव लावलं, भेकर कुत्र्यासारखं भुंकायला लागलं तर काहीतरी फिरत आहे. सांबरानं ढाँक केलं तर तो आवाज जास्त पक्का, ते उगाच ओरडत नाही. कोरकू लोक वाघाला कुला म्हणतात, आणि तो आला की जंगल किती गप्प होते ते तिथं बसल्यावरच समजेल. तो नाही दिसला तरी सकाळी गाईडसोबत पाण्याकाठच्या चिखलात पाहा, वाघ-बिबटाच्या ठशात नखं उमटत नाहीत, रानकुत्र्याच्या ठशात उमटतात, आणि अस्वलाचा मागचा पाय लहान माणसाच्या अनवाणी पायासारखा दिसते.

धोक्याचं पण नीट वाचा. मचाणावर गप्प बसायचं, पण पायवाटेनं चालताना उलटं करायचं, काठी आपटत, मोठ्यानं बोलत चालायचं. अस्वलाचं नाक तेज असते पण नजर आणि कान तेवढे नाहीत, तुम्ही दबकत चाललात आणि वारा तुमच्या तोंडावर असला तर त्याला कळतच नाही, आणि एकदम समोर आलं की ते पळत नाही, अंगावर येते. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे मोह वेचायला गेलेल्या लोकांवर असेच हल्ले होतात. दिसलं तर पाठ न दाखवता हळूहळू मागं सरका, अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हातांनी मानेमागं झाका, तोंड मातीत ठेवा. आग्या मोहोळाला वास आणि धूर सहन होत नाही, म्हणून सेंट आणि बिडी परत एकदा नको, उठलंच तर दुपट्ट्यानं तोंड झाकून सरळ पळा, थांबून हात हलवत बसू नका, गाडीत किंवा घरात शिरा. साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार लक्षात ठेवा, जमिनीवर झोपू नका कारण मण्यार रात्री फिरते आणि तिच्या चाव्याचं दुखणं जवळपास नसतेच, माणूस झोपेत राहून जाते. चावला तर दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका, भगताकडे वेळ घालवू नका, पाय न हलवता सरकारी दवाखान्यात न्या, तिथं प्रतिसर्पविष मिळते.

आणि एक धोका जंगलातला नाही, आमच्या शेतांचा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त टोचते. डोंगराच्या पायथ्याशी काही लोक डुकरांसाठी वावराच्या धुऱ्यावर मेन लाइनचा जिवंत करंट सोडतात. त्यात डुकरासोबत वाघही मरते, शेजारचा शेतकरीही मरते, रात्री ओलित करायला गेलेला माणूस सकाळी तारेवर सापडते. सोलरचं झटका मशीन वेगळं, ते झटका देते, जीव घेत नाही. म्हणून रात्री शॉर्टकट म्हणून कोणाच्या वावरातून जाऊ नका, गाडीरस्त्यानंच चला, आणि अशी तार दिसली तर गावच्या पोलीस पाटलाला सांगा किंवा वनविभागाच्या १९२६ ला फोन करा.

घरून निघताना एका माणसाकडे कागदावर लिहून ठेवा की कोणत्या गेटनं आत जाणार, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत परतवाड्यात येऊन फोन करणार आणि फोन नाही आला तर कोणाला विचारायचं. गाईडची मजुरी ठरवताना घासाघीस करू नका, त्यांच्या घरी चहा दिला तर प्या, ते ज्या झाडाजवळ थांबायला नाही म्हणतील तिथं थांबू नका, त्याला कारण असते.

परत आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून काखा, जांघा, कमरेचा पट्टा, कानामागं गोचीड आहे का ते पाहा, कपडे लगेच धुवायला टाका. पावसाळ्यानंतर गवतातून फिरला असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, स्क्रब टायफस अशाच गवतातल्या बारीक किड्यांमुळं होते, २०१८ साली नागपूरकडे त्याची मोठी साथ होती. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत कोणालाही ताप आला तर मेडिकलमधून गोळी आणून दाबून ठेवू नका, डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की मेळघाटात जाऊन आलो, अंगावर काळी खपली धरलेला छोटा डाग असेल तर तो दाखवा आणि मलेरियाचीही तपासणी करायला सांगा, स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिन चांगली लागू पडते पण ती वेळेवर सुरू व्हायला पाहिजे.